लहानपणीच्या दुकानातले गराडू घरी कसे करायचे (मसाल्याच्या मागे लागू नका)

थंडी सुरू झाली की इंदूर सोडून पुण्याला, बंगलोरला, कुठे कुठे गेलेली आपली मंडळी एकच मागतात, अगं येताना गराडूचा मसाला घेऊन ये ना. नेते मी, माझं काय जातं. पण मग आठवड्याभरात फोन येतोच की मसाला तर तोच होता गं पण ती चव काही आली नाही, आतून कच्चट राहिला, नाहीतर बाहेरून दगड झाला, नाहीतर सरळ उपवासाच्या बटाट्याच्या भाजीसारखा लिबलिबीत. म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं, प्रत्येकाला फोनवर सांगून सांगून घसा दुखतो.

मुद्दा एवढाच आहे की दुकानाची चव मसाल्यात नाहीये. मसाला म्हणजे रुपयातले चार आणे. बाकीचे बारा आणे दोनदा तळण्यात आणि त्या दोन तळण्यांच्या मधल्या वेळात आहेत, आणि घरी आपण नेमकं तेच खातो... म्हणजे गाळतो. काप केले, एकदा तळले, मसाला भुरभुरला, झालं. असे बटाट्याचे काप होतात, गराडू होत नाही.

ज्यांनी गराडू बघितलाच नाही त्यांच्यासाठी, कोनफळाच्या भाऊबंदांतला कंद आहे हा, ओबडधोबड, मातीने माखलेला, आतून पांढरा आणि चिकट. इंदूर-उज्जैन-रतलामकडे दिवाळीनंतर बाजारात दिसायला लागतो आणि उन्हं तापायला लागली की गायब. इंदूरला सराफ्यात रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात हे तर आता सगळ्या जगाला माहीत झालंय, रील्स करणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. तिथे थंडीत ज्या कढईभोवती सगळ्यात जास्त लोक हात शेकत उभे असतात ती बहुतेक गराडूची.

आधी दुकान आठवा, मग कढई चढवा

हे वाचून हसाल पण रेसिपीची पहिली पायरी हीच आहे. तुमच्या लहानपणीच्या दुकानाची पद्धत तुम्हाला माहिती आहे, फक्त कधी नीट आठवून बघितली नाहीये. आणि हे फक्त गराडूला नाही, कुठल्याही दुकानाच्या कुठल्याही तळणीला लागू आहे, कचोरी असो, आलूबोंडा असो, काहीही.

आमच्याकडे सराफा म्हणजे पाहुणे आले की जायचं ठिकाण, रात्री नऊ-साडेनऊनंतर, मोठ्यांचा हात धरून. रोजचं दुकान वेगळं. रामबागेकडून राजवाड्याकडे जाताना वाटेत एक होतं, उन्हाळ्यात बर्फाचा गोळा, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू. आता ते नाहीये. पण शाळकरी वयात आपली उंची काउंटरएवढी असते, डोळे बरोबर कढईच्या पातळीला, त्यामुळे दुकानदाराचा चेहरा धड आठवत नसला तरी त्याचे हात काय करत होते ते पक्कं आठवतं, आणि रेसिपीला हातच लागतात.

तर कागद घ्या आणि क्रमाने लिहा. आपण पोचलो तेव्हा आधीपासून काय तयार होतं? पैसे दिल्यावर त्याने सगळ्यात पहिले काय उचललं? किती वेळ उभं राहावं लागलं? आवाज कसा होता? शेवटी काय पडलं, मसाला की लिंबू? एवढं लिहिलं की निम्मी रेसिपी हातात आली समजा.

माझंच सांगते. आमच्या त्या दुकानात कढईच्या रुंद काठावर मोठे मोठे फिकट पिवळे तुकडे रचून ठेवलेले असायचे, कधी बघा तेव्हा असायचे. आपण ऑर्डर दिली की तो त्यातले चार-पाच ओढायचा, तिथेच सुरीने उभे-आडवे कापून लहान करायचा आणि मग मधल्या उकळत्या तेलात ढकलायचा. दोन-तीन मिनिटांत पानाचा दोना हातात. आता विचार करा, कच्चा गराडू दोन-तीन मिनिटांत शिजणं शक्यच नाही, सुरणाएवढा घट्ट असतो तो. म्हणजे ते काठावरचे तुकडे आधीच शिजलेले होते, पण रंग आलेला नव्हता, म्हणजे मंद तेलात शिजवलेले. आणि कापायचा तो पहिल्या तळणीनंतर, आधी नाही. का ते पुढे सांगते. तिसरी गोष्ट, मसाला तो दोन्यात वरून टाकत नव्हता, एका पोचे आलेल्या स्टीलच्या भगोन्यात गरम तुकडे, त्यावर मसाला, आणि भगोना दोन वेळा हवेत उडवून परत झेलायचा. लिंबू सगळ्यात शेवटी. दोन्यात ओतल्यावर, आपल्या समोर.

भावंडांनाही विचारा, प्रत्येकाला वेगळाच तुकडा आठवतो. माझ्या दादाला आवाज आठवला, तो म्हणाला की पहिल्यांदा टाकल्यावर गुडगुड आवाज यायचा आणि दुसऱ्यांदा चर्रर्र, हे फार कामाचं निघालं. बाबांना एवढंच आठवतं की "भिया, मसाला जरा दबा के" म्हटल्याशिवाय तो हात सैल सोडत नसे. आईला विचारलं तर म्हणाली, काळंकुट्ट तेल होतं त्याचं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं खोकत बसायचात. हेही लिहून ठेवा, तेलाबद्दल खाली सांगणारच आहे.

बाजारातून आणताना

अर्धा किलो आणा, चार जणांना होतो, साल जाड काढावी लागते त्यामुळे बराच भाग कचऱ्यात जातो हे धरून चाला. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. नखाने साल जराशी खरवडा, खाली ओलसर पांढरं दिसलं तर ताजा, तपकिरी रेघा दिसल्या किंवा टोकाला दाबल्यावर बोट रुतलं तर राहू द्या. भाजीवाले हल्ली धुऊन चकचकीत करून ठेवतात, मी तर मातीवालाच घेते, धुतलेला लवकर सडतो. भाजीवाल्याला कापून दाखव म्हणायला लाजू नका, इंदूरला दाखवतात. पुण्या-मुंबईला गराडू मिळाला नाही तर पांढरं कोनफळ घ्या, जांभळं घेतलं तरी तळणी चांगली होते फक्त रंग बघून इंदूरवाला नाक मुरडेल.

आता खाज. सालीखालच्या चिकट रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे बारीक कण असतात, ते कातडीत टोचतात म्हणून हात खाजतात. तर सोलण्याआधी हाताला तेल चोळा, कोपरापर्यंत चोळा कारण खाज सुटली की आपण तोच हात मनगटाला घासतो. गराडू कोरडाच सोला, ओला केला की साबणासारखा हातातून निसटतो आणि सुरी बोटावर येते. सोलून झाला की मग धुवा. तरी खाजलंच तर चिंचेचं पाणी किंवा लिंबू चोळायचं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. आणि कच्चा तुकडा चाखून बघायचा नाही, लहान मुलांना तर त्या वेळी ओट्याजवळ येऊच देऊ नका.

धुतल्यावर मोठे तुकडे करा, दोन-अडीच इंचाचे, अगदी ढब्बू. लहान करायचा मोह होतो, करू नका. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ पंचावर पसरून एकदम कोरडे करा, पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेल अंगावर येतं.

काही जण इथे कुकरला एक शिट्टी काढतात. चालतं, वेळ वाचतो, पण गराडू पाणी पितो आणि नंतर दुसऱ्या तळणीत तेवढा कुरकुरीत होत नाही, कडेने विरघळतो पण. घाईच असेल तर चाळणीवर ठेवून वाफवा, पाण्यात बुडवू नका.

पहिली तळणी, गुडगुड

लहान खोल कढई घ्या, तेल पाऊण लिटर तरी हवं, दोन चमचे तेलात शॅलो फ्राय वगैरे प्रकार इथे नाही. तेल कोणतं, तर शेंगदाण्याचं उत्तम. माळव्यात सत्तरच्या दशकापासून सोयाबीन पसरलं, १९८७ मध्ये तर सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच इंदूरला आलं, त्यामुळे आमच्याकडे घरोघरी आणि गाड्यांवर सोयाबीन तेलच जास्त. चवीला त्याचं स्वतःचं काही म्हणणं नसतं, तळायला ठीक आहे. सरसोचं मात्र नको, त्याचा वास गराडूला खाऊन टाकतो.

तेल मध्यम गरम करा, थर्मामीटर असेल तर १४०-१५० डिग्री. नसेल तर एक छोटा तुकडा टाका, तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांनी हळूहळू वर आला आणि बाजूने बारीक बुडबुडे निघाले की बरोबर आहे. टाकल्या टाकल्या उसळून वर आला तर गॅस कमी करा. एका वेळी कढईत अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, एकदम सगळे टाकले की तेल थंड पडतं आणि मग तुकडे तळले जात नाहीत, तेलात नुसते भिजत पडतात.

दहा ते बारा मिनिटं लागतात, धीर धरा, मधून मधून हलवा. आवाज गुडगुड असाच राहिला पाहिजे. ह्या वेळात आतला स्टार्च पाणी शोषून फुगतो, ७०-८० डिग्रीच्या आसपास हे होतं, म्हणजे आतून शिजायला फार कडक तेल लागतच नाही, लागतो तो वेळ. कडक तेलात टाकला तर बाहेर लाल, आत कच्चा, आणि कच्चा म्हणजे घसा खवखवणार. सुरीचं टोक सहज आत गेलं की काढा. रंग फिकट पिवळाच हवा, लालसर झाला तर तुम्ही पुढे निघून गेलात.

मधला वेळ

हीच ती जागा जिथे सगळे गडबड करतात. काढलेले तुकडे जाळीवर किंवा चाळणीत, एकमेकांना न चिकटता पसरून ठेवा, आणि झाकू नका. कमीत कमी अर्धा तास. झाकले की वाफेचं पाणी होऊन परत अंगावर बसतं, मोकळे ठेवले की वरचं पाणी उडून जातं आणि वरचा थर कोरडा, जरासा चामट होतो. हा कोरडा थरच दुसऱ्या तळणीत कुरकुरीत होतो. दुकानात हे आपोआप होतं, काठावर तासन्‌तास पडलेले असतात, वर कढईची धग मिळत राहते. घरी आपण भुकेले असतो, मुलं मागे लागलेली असतात, पाच मिनिटांत परत तेलात. मग फोन करून मला विचारतात की मसाल्यात काय कमी पडलं.

पाहुणे येणार असतील तर दुपारीच पहिली तळणी उरकून ठेवा, संध्याकाळी ते आले की पाच मिनिटांत गरम गरम, आणि तुम्ही पण त्यांच्यासोबत बसू शकता. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात, फक्त काढल्यावर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दुसरी तळणी, चर्रर्र

आता कापायचं. प्रत्येक मोठ्या तुकड्याचे तीन-चार करा, सुरीने कापण्यापेक्षा मी तर वाटीच्या बुडाने हलकेच दाबते आणि मग हातानेच मोडते, म्हणजे कडा खडबडीत निघतात. शिजल्यानंतर मोडलेल्या त्या भुसभुशीत कडा कडक तेलात गेल्या की तिथेच तो कुरकुरीतपणा येतो, गुळगुळीत कापलेल्या कच्च्या तुकड्यावर तो येत नाही. दुकानदार काठावर सुरी का चालवायचा त्याचं उत्तर हे.

तेल आता चांगलं कडक, १८५-१९० डिग्री, टाकलेला कण लगेच उसळून वर आला पाहिजे. थोडे थोडे टाका, दोन-तीन मिनिटं, आवाज चर्रर्र येतो आणि मग हळूहळू कमी होत जातो कारण वरचं पाणी संपत आलं. आवाज पडला आणि कडा बदामी झाल्या की काढा. दादाची ती आवाजाची आठवण इथे घड्याळापेक्षा जास्त कामाला येते.

काढल्या काढल्या झारा कढईवरच दोन वेळा जोरात झटका. हे महत्त्वाचं आहे, कारण पदार्थ तेलात असताना जेवढं तेल पितो त्यापेक्षा जास्त बाहेर काढल्यावर, थंड होताना पितो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून तेल झटकायचं ते पहिल्या काही सेकंदांतच. टिश्यूवर ढीग करून ठेवणं मला पटत नाही, खालचे तुकडे वाफेने मऊ पडतात.

मसाला, आता घ्या

लगेच भगोन्यात, लगेच मसाला, लगेच उडवायचं. अंगावर तेलाचा पातळ थर असतो तोवरच मसाला धरतो, दोन मिनिटांनी टाकला की ताटलीच्या तळाशी जाऊन बसतो.

इंदूरच्या घरात जीरावन असतंच, पोह्यावर भुरभुरतो तोच मसाला. गराडूला त्यातच लाल तिखट आणि काळं मीठ वाढवायचं. जीरावन घरी करायचं तर साधारण चार मोठे चमचे धने, दोन चमचे जिरे, एक चमचा बडीशेप, सात-आठ सुक्या मिरच्या, एक छोटा चमचा मिरे, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा इंचभर तुकडा, दोन तमालपत्रं, जायपत्रीची एक पाकळी. सगळं वेगवेगळं, मंद गॅसवर कोरडं भाजा, एकत्र भाजलं की जिरे जळतात आणि धने कच्चे राहतात. पूर्ण गार झाल्यावर दळा, मग त्यात सुंठपूड एक छोटा चमचा, आमचूर दोन, काळं मीठ दोन, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि चवीप्रमाणे साधं मीठ. गराडूसाठी वेगळं काढलंत तर आमचूर कमी करा, कारण लिंबू पडणार आहे. तयार पाकिटं मिळतात, वाईट नसतात, पण मी एकदा एक नावाजलेलं आणलं त्यात नुसतं मीठच मीठ होतं, तर आधी बोटावर चाखून मगच टाका.

लिंबू अगदी शेवटी, ताटलीत वाढल्यावर, आणि मग कोणी फोटो काढत बसायचं नाही. लिंबाचा रस पडला की दोन-तीन मिनिटांत कुरकुरीतपणा जायला लागतो. टूथपिकने खा, उभ्याने खा, तोंड भाजलं तर भाजू दे.

चिप्सवाल्या भाचरांसाठी

माझी चुलत बहीण लग्न होऊन इंग्लंडमधल्या लीड्सला गेली, तिच्या मुलांचं लहानपणीचं दुकान म्हणजे कोपऱ्यावरचं फिश अँड चिप्सचं, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड काप. गेल्या वेळी ती इकडे आली तेव्हा भाची गराडू खाता खाता म्हणाली, मावशी, हे तर आमच्या चिप्ससारखंच करून राहिली तू. मी म्हटलं कसं काय, तर म्हणे तिथे पण बटाटा आधी मंद तेलात आणि मग कडक तेलात, आणि वर लिंबाऐवजी बार्लीचं माल्ट व्हिनेगर आणि मीठ. मला तर फार बरं वाटलं हे ऐकून, दोन टोकांच्या गावांत कढईवाला एकाच निष्कर्षाला पोचला.

तिकडे ही दुकानं १८६० च्या आसपास सुरू झाली, लंडनवाले म्हणतात आमचं पहिलं, लँकेशायरवाले म्हणतात आमचं, ते भांडण अजून चालू आहे, आपल्याकडच्या पोह्यांच्या भांडणासारखंच. दुसऱ्या महायुद्धात तिथे बहुतेक खाण्याला रेशन लागलं पण फिश अँड चिप्सला लागलं नाही, इतकं ते गरिबाच्या पोटाचं खाणं होतं. आणि लीड्स ज्या भागात येतं त्या यॉर्कशायरमध्ये बरीच दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात, म्हणून आमची ताई शाकाहारी पाहुणे गेले की आधी विचारून घेते, चिप्स नुसते बटाट्याचे असले तरी. तिकडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

त्या मुलांना इंदूरला त्यांची आठवण खाऊ घालायची असेल तर वरचीच पद्धत, फक्त बटाटा बघून घ्या. चिप्सोना किंवा ज्योती मिळाला तर उत्तम, माळव्यात दोन्ही होतात. कोल्ड स्टोरेजच्या फार थंडीतून आलेला बटाटा नको, थंडीत स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर तो करपट तपकिरी पडतो, आतून गोडसर. बोटाएवढे जाड काप, गार पाण्यात धुऊन स्टार्च काढा, कोरडे करा, पहिली तळणी पाच-सहा मिनिटं, अर्धा तास मोकळे, मग कडक तेल. मासा करायचा तर बिनकाट्याचा घ्या, ह्या समुद्रापासून लांबच्या गावात बर्फातलाच मिळतो, फ्रीजमध्ये हळूहळू सुटू द्या आणि मैद्यात घोळवण्याआधी पुसून कोरडा करा. मैदा, थोडं तांदळाचं पीठ, चिमूटभर बेकिंग पावडर आणि एकदम गार सोडा वॉटर, पीठ आयत्या वेळी भिजवायचं, फार घोटायचं नाही. आमच्या घरात मासा स्वयंपाकघरात चालत नाही म्हणून गॅलरीत शेगडी लावली होती, शेजारच्या वहिनी दोनदा वाकून बघून गेल्या. एकच सांगते, गराडू आधी तळा आणि मासा नंतर. उलटं केलंत तर आजींना कळेल.

एअर फ्रायरबद्दल विचारणार आहात, माहितीये. पहिली पायरी वाफवून आणि दुसरी एअर फ्रायरमध्ये, तेलाचा हात लावून, २०० डिग्रीला पंधरा मिनिटं. होतो, खाल्ला जातो, बीपीवाल्यांसाठी ठीक आहे. पण मसाला धरत नाही कारण धरायला पुरेसं तेलच नसतं, मग वरून चमचाभर गरम तेल घालून उडवा, थोडी भरपाई होते.

तेल आणि कागद

आईचं ते काळ्या तेलाचं म्हणणं खरंच आहे. परत परत तापवलेल्या तेलात पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, वाढतात, एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे की ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळायला वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून. दुकानदाराकडे मोजायचं यंत्र असू शकतं, आपल्याकडे डोळे आणि नाक. तेल काळं पडलं, मधासारखं दाट झालं, तापवताना फेस धरायला लागला किंवा लवकर धूर द्यायला लागला की संपलं त्याचं आयुष्य. गराडूचं उरलेलं तेल गार झाल्यावर मलमलच्या कपड्यातून गाळा, तळाचे कण राहिले तर तेच पुढच्या वेळी जळतात, आणि आठवडाभरात फोडणीला संपवून टाका. वापरून संपलेलं सिंकमध्ये ओतू नका. सालं ओल्या कचऱ्यात, हे तर इंदूरवाल्याला सांगायची गरजच नाही, कचरागाडीवाला आपल्यालाच शिकवेल.

आणि आठवणीसाठी म्हणून वर्तमानपत्रात बांधून देऊ नका. आमच्या वेळी सगळं कागदातच यायचं, पुडी उघडल्यावर गराडूवर उलटी अक्षरं उमटलेली असायची, लीड्सला पण पूर्वी वर्तमानपत्रातच बांधायचे. शाईत शरीराला नको ते बरंच असतं, गरम तेलात ते सुटतं, एफएसएसएआयनेही ह्याबद्दल बजावलेलं आहे. पळसाच्या पानांचे दोने मिळतात ना अजून, ते आणा, दिसायलाही छान.

शेवटचा प्रश्न जो मला मार्गशीर्षात हमखास येतो, उपवासाला चालतो का. आमच्याकडे चालतो, कंद आहे, सुरण चालतं तसा. पण जीरावन नाही चालणार, त्यात धने, हळद, हिंग सगळंच आहे. मग शेंगदाण्याचं ताजं तेल, सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची भरड पूड, मिरपूड आणि लिंबू. ज्यांच्याकडे उपवासाला जिरंही चालत नाही त्यांनी नुसतं सैंधव आणि मिरपूड, आणि आदल्या दिवशीचं तळणीचं तेल वापरायचं नाही, त्यात काय काय तळलंय ते तुम्हाला माहीत आहे.